एका ओळीतले सहा

1947 च्या जूनमध्ये शेव्हरोलेने ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिकेतले ट्रक बाजारात आणले. गोलसर मडगार्ड, समोर आडव्या जाड पट्ट्यांची जाळी, पूर्वीपेक्षा ऐसपैस केबिन. युद्धकाळात नव्या गाडीला मुकलेल्या अमेरिकी शेतकऱ्याला आणखी काय हवे होते? बॉनेट उघडले की मात्र आत 1937 सालचेच इंजिन: ओतीव लोखंडाचे, सहा सिलिंडर एका ओळीत, 216 घनइंच, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर. आज हे ट्रक हौसेने पुन्हा उभे करणाऱ्यांपुढे नेमका या इंजिनाचाच प्रश्न येतो. ते आहे तसे बांधावे, त्याच घराण्यातले पुढचे बसवावे, की सगळे काढून टाकून व्ही-एट आत ढकलावे?

अश्वशक्तीचे आकडे पाहणारे बहुतेक शेवटच्या वाटेने जातात. मला ती वाट पटत नाही. हे इंजिन नीट वाचले, म्हणजे खोलून पाहिले, तर आपल्याला काय हवे आहे ते तेच सांगते. आणि गंमत म्हणजे त्याने मागितलेले बहुतेक सगळे त्याच्या कर्त्यांनीच पुढच्या काही वर्षांत देऊन ठेवले आहे.

सुरुवात क्रँकशाफ्टपासून करावी. इंजिन उलटे करून तेलाचा चेंबर उतरवला की दिसते: पहिला आणि सहावा पिस्टन बरोबर वर जातात, दुसरा आणि पाचवा बरोबर, तिसरा आणि चौथा बरोबर. मधोमध आरसा धरला तरी फरक कळू नये अशी ही मांडणी. चार सिलिंडरांच्या इंजिनात पिस्टनच्या चढउताराच्या वेगातला फरक दर फेऱ्यात दोन हादरे देतो, ते कशाने तरी सोसावे लागतात. सहाच्या ओळीत ते एकमेकांना खोडतात, आणि क्रँक दोन्ही अंगांनी सारखा असल्यामुळे इंजिन पुढेमागे झुलतही नाही. स्फोटांचा क्रम 1-5-3-6-2-4, दर 120 अंशांना एक. समतोल राखण्यासाठी वेगळा भाग बसवलेला नाही, तो मांडणीतच आहे. शेतावरच्या ट्रकला इतके खानदानी इंजिन मिळाले याचे श्रेय 1929 सालच्या एका धंदेवाईक हट्टाला आहे: चारच्या किमतीत सहा सिलिंडर द्यायचे, हा शेव्हरोलेचा तेव्हाचा दावा होता.

या सुखाची किंमत लांबीत मोजावी लागते. लांब क्रँक फिरताना पिळला जातो, म्हणून पुढच्या टोकाला डँपर असतो. जुन्या डँपरमधले रबर कडक झालेले असते, आणि इंजिन बांधताना तो नुसता रंगवून परत लावणारे कमी नाहीत. बाकी सगळे मोजमाप थाउमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, करायचे आणि हा एक भाग नजरेने पास करायचा, हे मला कधी समजलेले नाही.

क्रँकला आधार देणारी मेन बेअरिंग फक्त चार आहेत. 1962-63 मध्ये आलेल्या पुढच्या पिढीच्या इंजिनात ती सात झाली. या चारांचे व्यास सारखे नाहीत. पुढून मागे जाताना प्रत्येक जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, आधीच्यापेक्षा इंचाच्या सुमारे बत्तिसाव्या भागाने जाड होत जातो. पहिल्याचे बेअरिंग दुसऱ्याला बसत नाही. मागच्या टोकाला फ्लायव्हील आहे, भार तिकडे वाढतो, आणि लोखंड त्या भाराबरोबर वाढवलेले आहे.

खरी अडचण कनेक्टिंग रॉडपाशी सुरू होते. 216 मध्ये रॉडला बदलता येणारी बेअरिंग नाहीत. रॉडच्या पोटातच बॅबिट नावाचा मऊ, कथलाचा मिश्रधातू ओतलेला असतो. झीज झाली की कॅपखालची पातळ शिम काढून ढिलाई भरून काढायची. तेल पोहोचवण्याची रीत तर त्याहून जुनी. पंप मेन बेअरिंगना आणि कॅमशाफ्टला तेल देतो, रॉडना नाही. प्रत्येक रॉडच्या टोकाला एक छोटी पळी आहे. सावकाश चालताना ती चेंबरमधल्या तेलाच्या पन्हाळीत बुडून तेल उचलते, आणि वेग वाढला की चेंबरमधल्या नळ्यांतून सुटणारी तेलाची धार नेमकी त्या फिरत्या पळीवर येऊन आदळते.

या रचनेची चेष्टा पुष्कळ होते, आणि ती करणाऱ्यांनी ती नीट पाहिलेली नसते. दाब कमी, म्हणून पंपावर ताण कमी. रॉडना तेल पोहोचवायला क्रँकमधून भोके पाडायला नकोत. घरच्या घरी पाना घेऊन बेअरिंग घट्ट करता येते. कच्च्या रस्त्यावर ताशी तीस-पस्तीस मैलांनी धान्य वाहणाऱ्या ट्रकसाठी हे पुरेसे होते. पुरेनासे झाले ते रस्त्यांमुळे. या ट्रकच्या मागच्या धुऱ्याचे गुणोत्तर 4.11, चाक सुमारे 28 इंचांचे. ताशी 60 मैल म्हणजे 96 किलोमीटर गाठायचे तर इंजिन मिनिटाला जवळपास 2,950 फेरे मारते. तासन्‌तास या गतीने जायचे तर मऊ बॅबिट आणि पळीने उचललेले तेल यांच्यावर विसंबून राहणे म्हणजे इंजिनाकडून त्याने कधी न दिलेले वचन मागणे आहे.

उत्तर त्याच कारखान्यात तयार झाले. 235 घनइंचांचे भावंड 1941 पासून मोठ्या ट्रकांत होतेच. 1953 मध्ये पॉवरग्लाइड गिअरबॉक्सच्या मोटारींसाठी, आणि 1954 पासून ट्रकांसह सगळीकडे, त्याच्या रॉडना पंपाच्या दाबाचे तेल आणि बदलता येणारी बेअरिंग मिळाली. पळ्या गेल्या, पन्हाळी गेल्या. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचे पिस्टन आले, म्हणजे वरखाली होणारे वजन घटले. समतोलाची मांडणी, स्फोटांचा क्रम, चार वाढत्या व्यासांची मेन बेअरिंग मात्र तशीच राहिली. कर्त्याने आपल्याच मजकुरातली कच्ची ओळ तेवढी बदलावी आणि चाल मोडू नये, तसे हे काम आहे. 1953 मध्ये बनलेल्या पहिल्या 300 कॉर्व्हेटमध्ये हेच 235 होते, तीन कार्ब्युरेटर लावून 150 अश्वशक्तीचे. त्या वर्षीच्या अमेरिकेतल्या सर्वांत नखरेल गाडीच्या पोटात ट्रकवाल्यांच्या ओळखीचे इंजिन होते, हे मला फार आवडते.

मापे वाचायलाही मजा येते. 216 चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, साडेतीन इंच, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, पावणेचार. 235 चा स्ट्रोक 3 पूर्णांक 15/16 इंच, म्हणजे जवळजवळ नेमके 100 मिलिमीटर. 1954 मध्ये ट्रकांसाठी आलेल्या 261 चा स्ट्रोक तोच, बोअर मात्र पावणेचार इंच: 216 चा जो स्ट्रोक होता तोच. त्यासाठी सिलिंडर इतके रुंद केले की शेजारशेजारच्या भिंती जुळल्या, मधली पाण्याची वाट गेली आणि वाफ कोंडू नये म्हणून हेडला जादा भोके पाडावी लागली. 261 च्या ब्लॉकवर 235 चे हेड बसवताना ही भोके विसरली की इंजिन तापते.

हेडच या इंजिनाचे सर्वांत दोषास्पद आणि सर्वांत वाचनीय पान आहे. सहा सिलिंडरांना आत घेण्याची तोंडे तीनच: 1-2, 3-4 आणि 5-6 अशा जोड्या एकेका तोंडातून श्वास घेतात. आता स्फोटांचा क्रम समोर ठेवा. तिसरा आणि चौथा एकमेकांपासून बरोबर 360 अंशांवर, त्यामुळे मधले तोंड समान अंतराने ओढते. पहिला आणि दुसरा मात्र एकदा 240 आणि एकदा 480 अंशांनी, पाचवा-सहावाही तसेच. म्हणजे टोकाच्या जोड्यांत एक सिलिंडर दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवतो, आणि एकच कार्ब्युरेटर मधोमध असल्यामुळे टोकांपर्यंत पेट्रोल आधीच कमी पोहोचते. टोकाचे स्पार्क प्लग पांढुरके आणि मधले काळपट निघतात, त्याचे कारण इथे आहे. दोन कार्ब्युरेटरांचा मॅनिफोल्ड लावणे ही म्हणूनच नुसती शोभा नाही. कॅलिफोर्नियातल्या वेन हॉर्निंगने तर जुने हेडच बाजूला ठेवून प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र वाट असलेले बारा तोंडांचे हेड बनवले होते. ते शर्यतीचे काम, ट्रकला त्याची गरज नाही.

बाहेर टाकण्याच्या बाजूला चार तोंडे आहेत: 1, 2-3, 4-5 आणि 6. इथे वाट मधोमध कापून दोन सायलेन्सर लावले तर पुढच्या तिघांचे स्फोट एका नळीत आणि मागच्या तिघांचे दुसऱ्या नळीत येतात, आणि प्रत्येक नळीत अंतर बरोबर 240 अंशांचे पडते. म्हणून अशा ट्रकचा आवाज फाटका नसतो, त्यात ठेका असतो. मात्र मूळ मॅनिफोल्डमध्ये गरम धूर कार्ब्युरेटरच्या तळाला ऊब देत असे. ती वाट तोडली तर रेडिएटरचे गरम पाणी फिरवून तिथे ऊब द्यावी लागते, नाहीतर थंडीत पेट्रोल नळीतच थिजल्यासारखे पडून राहते.

बांधणीचे बाकीचे काम कोणत्याही चांगल्या मशीनशॉपचे आहे. ब्लॉक आणि हेडला तडे नाहीत ना, विशेषतः व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये, हे आधी पाहावे. मग बोअर तीस किंवा चाळीस थाउ, क्रँक ग्राइंड, शिसेविरहित पेट्रोलसाठी एक्झॉस्टच्या कडक सीट. कॅमशाफ्टचा फायबरचा गिअर शांत असतो, ॲल्युमिनियमचा टिकाऊ पण किंचित गातो. मी ॲल्युमिनियमचा निवडेन.

ट्रकमध्ये बसवताना तीन गोष्टी अडवतात. 1955 नंतरच्या 235 चा वॉटर पंप वेगळ्या उंचीवर असल्याने मधे प्लेट घालून जुना 216 चा पंप लावतात. सहा व्होल्टच्या फ्लायव्हीलला 139 दात, बारा व्होल्टच्या फ्लायव्हीलला 168. स्टार्टर त्याच जोडीचा हवा. आणि 216 च्या ट्रकमधला तेलाच्या दाबाचा काटा 30 पौंडांपर्यंतच जातो. 235 चालू झाले की तो टोकाला चिकटून बसतो.

आपल्याकडच्या वाचकाला हे घराणे अगदी परके नाही. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला सुट्या भागांतून शेव्हरोले जोडायला सुरुवात केली. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली राज्य परिवहनाची पहिली गाडी बेडफर्ड होती, आणि बेडफर्ड हे नाव 1931 मध्ये इंग्लंडात शेव्हरोलेच्या ट्रकांमधूनच जन्माला आले. सुरुवातीच्या एसटीच्या ताफ्यात खुद्द शेव्हरोलेही होत्या. टोयोटाचे पहिले इंजिन तर शेव्हरोलेच्याच त्याआधीच्या इंजिनावरून उतरवले होते.

तेव्हा माझा कौल असा. मूळ 216 चांगल्या स्थितीत असेल आणि ट्रक गावातल्या गावात फिरणार असेल, तर शिमा नीट करून तेच चालवावे. महामार्गावर जायचे असेल तर 1954 ते 1962 मधले 235 शोधावे, दोन कार्ब्युरेटर, दुभागलेला एक्झॉस्ट आणि मागे 3.55 चे गुणोत्तर द्यावे, आणि तिथे थांबावे. विकत घेण्याआधी रॉकर कव्हर पाहा: वर मधोमध दोन नट असतील तर ते जुने, कडेने चार स्क्रू असतील तर नवे. आणि विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता ब्लॉकवरचा ओतीव क्रमांक स्वतः तपासून घ्या.