शेजवान आणि तिरफळ

मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी आणि पुढे रिक्षा. एवढा प्रवास करून मी आईला एका चायनीज हॉटेलात घेऊन गेलो, कारण तिथलं जेवण ‘अस्सल’ असतं असं चार जणांनी सांगितलं होतं. मेनूकार्डावरही तोच शब्द होता. मंचुरियन नाही, शेजवान राइस नाही, चायनीज भेळ तर नाहीच. आपल्याकडे काय मिळत नाही, याचाच त्या कार्डाला जास्त अभिमान असावा.

आम्ही मापो तोफू मागवला. लालभडक रश्श्यात पनीरसारखे मऊ तुकडे, वर तपकिरी भुकटी. आईनं एक घास घेतला, थांबली, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, “यात तिरफळं घातलीत.”

ती जवळजवळ बरोबर होती. वरची भुकटी सिचुआन प्रांतातल्या ‘ह्वाजियाओ’ची. हे झाड आणि आपलं कोकणातलं तिरफळ एकाच प्रजातीतली, सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी. दोन्हीकडे बी टाकून साल वापरतात, दोन्ही जिभेला मुंग्या आणतात. चिनी लोक या चवीला ‘माला’ म्हणतात. ‘मा’ म्हणजे बधिर करणारं, ‘ला’ म्हणजे तिखट. बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीवर वाढलेल्या माणसाला यातलं ‘मा’ कुणी समजावून सांगावं लागत नाही.

गंमत अशी की सिचुआनचं नाव मिरवणाऱ्या आपल्या ‘शेजवान’मध्ये हा मसाला सहसा नसतो. शेजवान हे त्या प्रांताच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगचं आपण केलेलं रूप. मुलुंड ते बोरिवली कुठल्याही गाडीवरची शेजवान चटणी म्हणजे सुक्या लाल मिरच्या, भरपूर लसूण, तेल आणि व्हिनेगर. तिचं नातं चेंगडूपेक्षा वडापावमधल्या लसणाच्या चटणीशी जास्त जवळचं. म्हणजे खरी सिचुआनी चव आमच्या घरात माशांच्या आमटीत होती आणि सिचुआनच्या नावाखाली आम्ही बाहेर जाऊन लसणाची चटणी खात होतो.

इथे समीक्षक सहसा निकाल देऊन टाकतो: गाडीवरचं ते नकली, हॉटेलातलं ते अस्सल. मला हा निकाल मान्य नाही. सिचुआनच्या स्वयंपाकातली मिरची तरी मूळची कुठली? ती अमेरिका खंडातून आली, गेल्या काही शतकांत. आपली मिरचीही तिथलीच, पोर्तुगिजांबरोबर आलेली. मूळ शोधत मागे गेलं की दोन्ही स्वयंपाकघरं एकाच परक्या रोपापाशी पोचतात.

मंचुरियनचं मूळ तर मुंबईतच आहे. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत होते. त्यांनी सांगितलेली हकिकत अशी, की नवं काहीतरी करा अशी फर्माईश आली, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरने रस दाट केला. मांचुरियाशी या पदार्थाचा संबंध नावापुरता. पण म्हणून तो खोटा ठरत नाही.

मग गाडीवरच्या पदार्थाला काही कसोटीच नाही का? आहे. भात आधी शिजवून गार केलेला हवा, नाहीतर परतताना त्याचा लगदा होतो. आच मोठी हवी, कोबी दाताखाली वाजला पाहिजे, मंचुरियनचा रस वाटीत खळीसारखा थिजता कामा नये. घाटकोपरला जैन मंचुरियन मिळतं. त्यात कांदा, लसूण, आलं काहीच नाही, म्हणजे वांग यांच्या फोडणीतली फक्त मिरची उरते. तेवढ्यावर चव उभी करणं हे कसबाचं काम आहे. ज्याला ते जमतं त्याला दाद द्यायला ‘अस्सल’ हा शब्द उपयोगाचा नाही.

पण उलट टोकाचं वाक्यही मला खुपतं: “चायनीज आता आपलंच झालंय.” पदार्थ आपले झाले, माणसांचं काय? माझगावला डॉकयार्ड रोडजवळ चिनी मुंबईकरांचं क्वान कुंगचं देऊळ आहे, साधारण शंभर वर्षांचं. तिथली वस्ती आता विरळ झाली आहे. १९६२च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना, मुख्यतः आसाम आणि बंगालमधल्या, राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत डांबलं गेलं. त्यांतल्या अनेकांचा जन्म भारतातलाच होता. पुढे कितीतरी कुटुंबं देश सोडून गेली. गाडीच्या लाल पत्र्यावर ड्रॅगन राहिला.

जून २०२०मध्ये गलवानच्या चकमकीनंतर केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थांवर आणि ते विकणाऱ्या हॉटेलांवर बहिष्काराचं आवाहन केलं. अशा बहिष्काराचा फटका बीजिंगमध्ये कुणाला बसणार? तो बसणार कढईपुढे उभ्या असलेल्या नेपाळी, बिहारी, मराठी पोराला. लॉकडाऊनने त्याची गाडी तशीही बंदच पडली होती. ‘हे चिनी की आपलं’ हा वाद जिभेपुरता राहत नाही, तो असा कुणाच्या तरी पोटावर येतो. म्हणून खाण्यावर लिहिणाऱ्याने ‘अस्सल’ हा शब्द जपून वापरावा.

अंधेरीचं जेवण उत्तम होतं. तोफू अख्खा राहिला होता, तिखट आणि बधिरपणा एकमेकांवर कुरघोडी करत नव्हते. तक्रार एकच. आईनं मेनूकार्ड पुन्हा मागवून घेतलं, बोटानं ओळ शोधली. तिथं ‘सिचुआन पेपर’ लिहिलेलं होतं.

“तिरफळासारखं, एवढं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?” ती म्हणाली. “मी मघाशीच दोनदा मागवलं असतं.”