सिंहासनानंतरची वर्षे

मराठी ऐतिहासिक कादंबरीला चढती कमान प्रिय आहे. स्वारी, खलबते, तह, फितुरी येथवर तिची लेखणी सरसर चालते. राजा गादीवरून उतरला की मात्र ती घाईने पडदा पाडते. दुसरा बाजीराव 1818 मध्ये इंग्रजांना शरण गेला आणि 1851 पर्यंत ब्रह्मावर्तास वार्षिक 8 लाखांच्या तनख्यावर जगला. पेशवेपद त्याने भोगले 22 वर्षे, पेशवेपदाशिवायचे आयुष्य मात्र 33 वर्षांचे. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज 1839 मध्ये पदच्युत होऊन काशीस गेले आणि 1847 मध्ये तेथेच वारले. ही माणसे सकाळी उठून काय करीत असतील, भाजीचा हिशेब कोण ठेवीत असेल, मुलांना कोणती भाषा शिकवीत असतील, याची कल्पना करण्याचे धाडस आपल्या लेखकांनी फारसे केलेले नाही. रणांगण रंगवणे त्या मानाने सोपे असते. रिकामी दुपार रंगवणे कठीण.

ते धाडस आपल्याच किनाऱ्यावरील एका कुटुंबाबाबत अमिताव घोष यांनी ‘द ग्लास पॅलेस’ (2000) या इंग्रजी कादंबरीत केले. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी नोव्हेंबर 1885 मध्ये मंडालेच्या राजवाड्यातून बाहेर काढले आणि मद्रासमार्गे 1886 च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. सोबत राणी सुपयालात, तिची बहीण असलेली धाकटी राणी आणि लहान मुली. त्याचे राज्य जेमतेम 7 वर्षांचे. रत्नागिरीतील वास्तव्य 30 वर्षांचे. डिसेंबर 1916 मध्ये तो तेथेच वारला. जांभा दगडाचा आणि सागवानाचा जो ‘थिबा राजवाडा’ पर्यटक आज पाहतात, तो 1910 मध्ये पुरा झाला. म्हणजे त्यात राजाला राहायला मिळाली अवघी 6 वर्षे. त्याआधीची 24 वर्षे त्याने सरकारने दिलेल्या बंगल्यांत काढली.

घोष यांचे खरे सामर्थ्य या 24 वर्षांत दिसते. त्यांनी राजाच्या दुःखावर व्याख्यान दिलेले नाही. त्यांचा थिबा बंगल्यातून दुर्बिणीने समुद्र न्याहाळत बसतो. कोणते गलबत केव्हा बंदरात शिरणार हे गावाला त्याच्याकडून कळू लागते. ज्याच्या हाती काहीच उरले नाही, त्याने पाहण्याचेच काम पत्करले आणि त्या कामातून गावात त्याला एक स्थान मिळाले! राणीची गोष्ट निराळी. भेटीस येणाऱ्याने आपल्यापेक्षा खालच्या आसनावर बसावे हा हट्ट ती सोडत नाही. सत्ता गेलेल्या माणसाजवळ शिष्टाचार तेवढा शिल्लक राहतो, आणि तो किती केविलवाणा असू शकतो व किती ताठही, हे लेखकाने एकाच प्रसंगात दाखवले आहे. थोरल्या राजकन्येला दिवस गेल्याचे कळताच कलेक्टर बदनामीची भाषा बोलू लागतो. तेव्हा राणी त्यालाच सुनावते, की कलंक असेल तर तो तुम्ही आमचे जे केले त्यात आहे. साऱ्या कादंबरीत राणी इतकी राणी वाटते ती याच एका क्षणी.

उणीव दिसते ती भाषेत. कादंबरीतील राजकन्या मराठी व हिंदुस्तानी गावकऱ्यांसारखीच बोलतात, साड्या नेसतात, वेण्या घालतात. आईवडिलांशी तेवढ्या बर्मी बोलतात. निर्वासित कुटुंबाच्या दुसऱ्या पिढीचे हे अचूक चित्र आहे. परंतु ते आपल्याला सांगितले जाते, ऐकू येत नाही. कोकणी माणसाचा तिरकस विनोद, त्याचे कौतुक आणि त्याच दमात काढलेला चिमटा यांत वाढलेली ब्रह्मी मुलगी कशी बोलली असेल? इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा प्रश्न ओलांडून जाता येतो. मराठी लेखकाला आला नसता, आणि म्हणूनच ही कादंबरी मराठीत लिहिली गेली नाही याची हळहळ वाटते. शिवाय कथेचा ओढा लवकरच दासी डॉली आणि राजकुमार हा व्यापारी यांच्याकडे, रंगून व मलायाकडे वळतो. राजघराणे मागे पडते, ते नेमके त्याची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची होऊ लागते त्या वेळी.

ती गोष्ट सुधा शाह यांनी ‘द किंग इन एक्झाइल’ (2012) या चरित्रग्रंथात पुरी केली. येथे कल्पना नाही, कागद आहेत: वाढीव भत्त्यासाठी सरकारला लिहिलेले अर्ज, कर्जे, विकावी लागलेली रत्ने. थोरल्या राजकन्येचे राजवाड्याचा दरवान गोपाळ सावंत याच्याशी संबंध जुळले. तो आधीच विवाहित होता. त्यांची मुलगी टूटू 1906 मध्ये जन्मली. 1919 मध्ये कुटुंब ब्रह्मदेशास परतले, पण ही राजकन्या मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीस आली आणि 1947 मध्ये तेथेच तिचा अंत झाला. टूटूने मराठी माणसाशी संसार केला, गरिबीत मुले वाढवली आणि ती मराठीच बोलत राहिली. राजाची नात म्हणून तिला कोणी ओळखले, कोणी नाही. मला तर या ग्रंथाची नायिका तीच वाटते. तिच्या आजीला आपले आसन उंच ठेवण्यासाठी झगडावे लागले. टूटूजवळ आसनच नव्हते, आणि रत्नागिरी हेच तिचे गाव होते.

सहानुभूतीचा हा प्रवाह वाहू लागला, की समीक्षकाने एक गोष्ट आठवून देणे भाग आहे. थिबा गादीवर आला 1878 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी राजघराण्यातील 80 च्या आसपास माणसे, त्यांत स्त्रिया व मुलेही, ठार करण्यात आली. हुकूम नेमका कोणाचा यावर वाद झाले, राणी व तिच्या आईकडे बोट दाखवले गेले; परंतु लाभ कोणाचा झाला यावर वाद नाही. घोष हा रक्तपात झाकून ठेवीत नाहीत, तरी रत्नागिरीच्या पानांत त्याची सावली फिकट होते. विजनवासाने माणूस निर्दोष होत नाही. दुर्बीण लावून बसलेल्या त्या माणसाला दुपारी झोप लागत असे का, हे कादंबरीने विचारायला हवे होते.

या बाबतीत जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा शेवट मला नेहमी आदर्श वाटतो. यहुदाचा राजा यहोयाखीन बाबेलच्या बंदिवासात 37 व्या वर्षी कैदेतून सुटतो आणि बाबेलच्या राजाच्या पंक्तीस जेवू लागतो. पुस्तक तेथेच थांबते. हा सन्मान की अपमान, हे निवेदक सांगत नाही. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या शिधापत्रकांच्या मृत्तिकापट्ट्यांवर या राजाला व त्याच्या 5 मुलांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. शिधा आला म्हणजे कुटुंब आले, चूल आली.

बुलढाण्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपला जिल्हा ज्या वऱ्हाडात मोडतो, ते 1853 पासून इंग्रजांच्या कारभारात गेले. मालकी नावापुरती निजामाची राहिली आणि 1902 मध्ये वर्षाला 25 लाखांवर कायमचा पट्टा झाला. 1936 मध्ये निजामाच्या वारसाला, आझम जाहला, ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. जमीन नव्हती, नाव होते. आणि या नावाची युवराज्ञी होती दुरुशेहवार: तुर्कस्तानचा शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद याची कन्या. 1924 मध्ये खिलाफत रद्द होऊन ते घराणे देशाबाहेर घालवले गेले, तेव्हा ती 10 वर्षांची होती. फ्रान्समधील नीस येथे निजामाच्या तनख्यावर कुटुंबाने दिवस काढले आणि तेथेच 1931 मध्ये तिचे लग्न लागले. एक गमावलेले साम्राज्य सोडून ती दुसऱ्या राज्यात आली, आणि 1948 मध्ये तेही गेले. पित्यासाठी खुलताबादजवळ बांधलेला मकबरा रिकामाच राहिला. 1944 मध्ये पॅरिसला वारलेल्या अब्दुलमजीदाला 1954 मध्ये मदिनेत मूठमाती मिळाली. तिचा मुलगा मुकर्रम जाह 1967 मध्ये निजामाचा वारस झाला, पुढे ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कुरणावर रमला आणि जानेवारी 2023 मध्ये इस्तंबूलला वारला. दुरुशेहवार 2006 मध्ये लंडनला गेली.

सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवांचा वाडा पाहून आपल्याकडील लेखकांना जिजाऊंचे बालपण सुचते, आणि ते योग्यच आहे. पण वऱ्हाडचे नाव लावून जगलेल्या या तुर्की स्त्रीवर लिहायला मराठी लेखकाने बसायला हवे. त्याला तुर्की दरबारापेक्षा नीसच्या त्या घरातील स्वयंपाकघर आधी शोधावे लागेल, आणि महिन्याचा तनखा उशिरा आला तर त्या घरात कोण गप्प बसत असे, तेही.