ओंजळ, अंगुळे आणि कोरा रकाना

सुश्रुतसंहितेच्या वाट्याला जी कीर्ती आली ती शस्त्रकर्मामुळे. कापलेले नाक पुन्हा जोडण्याची रीत, १०१ यंत्रे, २० शस्त्रे, भोपळ्यावर आणि कमळाच्या देठावर सराव करणारे शिष्य एवढे सगळ्यांना ऐकून माहीत असते. सूत्रस्थानातल्या ३५व्या अध्यायाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. त्याचे नाव आतुरोपक्रमणीय, म्हणजे रोग्याला हात लावण्याआधी काय काय पाहायचे त्याचा अध्याय. त्यात मध्येच अंगप्रत्यंगांच्या मापांची लांबलचक यादी येते आणि वाचणारा पाने उलटतो. माझ्या मते ती यादी आणि तिच्या वीस अध्याय आधी येणारे दोन श्लोक एकत्र वाचले, तर माणसाच्या शरीराची नोंद कशी ठेवावी यावर इतके नेमके लिखाण आपल्याकडे दुसरे सापडणार नाही.

हे सगळे सांगितले गेले ते काशीत, निदान ग्रंथाची चौकट तसे म्हणते. काशिराज दिवोदास धन्वंतरी आश्रमात बसले आहेत, सुश्रुत, औपधेनव, वैतरण, औरभ्र वगैरे शिष्य शिकायला आले आहेत, आणि सर्वांच्या वतीने सुश्रुताने विचारायचे असे ठरते. ग्रंथ एका हातचा नाही आणि एका शतकातलाही नाही. पण गंगेकाठच्या त्या आश्रमाशी त्याचे नाव कायमचे बांधले गेले. आपल्या हाती तो आला मुंबईमार्गे. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी डल्हणाच्या टीकेसह तयार केलेली प्रत निर्णयसागर छापखान्याने काढली, आणि पुढे त्याच प्रतीची पुनर्मुद्रणे वाराणसीच्या चौखंबा प्रकाशनांनी केली. काशीचा ग्रंथ काळबादेवीहून शिसे लावून काशीला परत गेला म्हणायचे.

आता यादी. सुरुवात पायाच्या अंगठ्यापासून. अंगठा आणि शेजारचे बोट दोन-दोन अंगुळे. पुढची तीन बोटे? त्यांची मापे दिलेलीच नाहीत. प्रत्येक बोट क्रमाने एक-पंचमांशाने कमी, एवढा नियम सांगून ग्रंथकार पुढे सरकतो. आधीच्या बोटाच्या मानाने कमी असे धरले तर मधले बोट १.६ आणि त्यापुढचे १.२८ अंगुळे येते. जे हिशेबाने काढता येते ते लिहून ठेवायचे नाही, मूळ आकडा आणि नियम तेवढे ठेवायचे, ही शिस्त आज माहितीचा साचा आखणाऱ्यांना पहिल्या महिन्यात शिकवावी लागते. घरोघरच्या वह्यांत वजन, उंची आणि त्यावरून काढलेला बीएमआय असे तीन रकाने असतात. मग कधीतरी उंची दुरुस्त होते, बीएमआय जुनाच राहतो आणि वही स्वतःशीच भांडू लागते.

एकक कोणते, हा या अध्यायाचा गाभा. अंगुळ म्हणजे ज्याचे शरीर त्याचेच बोट. राजाचे नव्हे, वैद्याचे नव्हे, बाजारातल्या गजाचेही नव्हे. त्यामुळे बुटका आणि उंच, दोघांचा पाय १४ अंगुळे भरू शकतो. इथे माप घ्यायचे आहे ते आकाराचे नाही, प्रमाणबद्धतेचे. त्याची किंमतही मोजावी लागते. पोर वाढते तसे त्याचे बोटही वाढते, म्हणजे या मापात वाढ दिसतच नाही. रोगी समोर नसेल तर नुसत्या नोंदीवरून तो केवढा मोठा होता हे सांगता येणार नाही. यादी संपल्यावर लगेच ग्रंथ सांगतो की पुरुष २५व्या आणि स्त्री १६व्या वर्षी वीर्याने पूर्णत्वाला येतात, हे कुशल वैद्याने ओळखावे. तो श्लोक नेमका तिथेच का, याचे उत्तर मला या एककात दिसते. वाढते बोट माप म्हणून चालणार नाही. आधी वय पाहा, मग मोजा.

एके ठिकाणी बेरीज अडखळते. अंगठा २, पायाचा पुढचा भाग ४, तळवा ४, टाच ५. एकूण १५. अख्खा पाय मात्र १४ सांगितला आहे. टाचेचे माप आडवे धरायचे की तिरके, बोटे किती आत घ्यायची, यावर एखादे अंगुळ इकडचे तिकडे होईल. पण मला आवडते ते असे, की शतकानुशतके नकला करणाऱ्यांनी हा आकडा गुपचूप जुळवून टाकला नाही. पूर्ण माणसाच्या लांबीचेही तसेच. सुश्रुत १२० अंगुळे म्हणतो, चरकसंहितेच्या विमानस्थानात ८४ आहेत. हात वर करून, चवड्यांवर उभ्या माणसाची लांबी सुश्रुताने धरली, असा एक जुना खुलासा आहे. करून पाहा. हात वर केल्याने माणूस सव्वापट, फार तर थोडा अधिक लांब होतो; ८४ चे १०५-११० होतील, १२० नाही. खुलासा जुळवाजुळवीचा वाटतो. दोन परंपरांत अंगुळच वेगळ्या पद्धतीने मोजले जात असेल, एकीत बोटाची रुंदी आणि दुसरीत दुसरेच काही, हे मला अधिक पटते. नोंदीत एककाचे नाव आहे, पण त्याची व्याख्या सोबत नाही. दोन्ही ग्रंथांत शब्द तोच, म्हणून घोटाळा.

मापे यथायोग्य असतील तर काय? दीर्घ आयुष्य आणि मोठे धन. मध्यम असतील तर दोन्ही मध्यम, हीन असतील तर हीन. वजनाच्या तिकिटावर मागे भविष्य छापून देणारे रेल्वे स्टेशनवरचे ते लुकलुकते यंत्र आठवते ना, त्याच घराण्यातला हा श्लोक. आयुष्य वैद्याच्या अखत्यारीत येते हे समजू शकते. धनाचा रकाना या तक्त्यात कशाला हवा होता कोण जाणे.

यानंतर अध्याय एक सुंदर वळण घेतो. लांबी-रुंदी संपते आणि सार सुरू होते: शरीरात कशाचे प्राबल्य आहे. आजचा घरचा काटा ज्या तीन गोष्टींचे आकडे दाखवतो, त्या तिन्ही इथे आहेत: मांस, मेद आणि हाड. आकडा मात्र एकही नाही. ज्याच्या अंगावर खळगे नाहीत, हाडे आणि सांधे आत दडलेले आहेत, तो मांसाने भरलेला. ज्याचा घाम, मूत्र आणि आवाजसुद्धा स्निग्ध, देह मोठा, पण कष्ट सोसत नाहीत, तो मेदाचा. डोके आणि खांदे थोर, दात, हनुवटी, नखे घट्ट, तो हाडाचा. आवाजात मेद ऐकू येणे ही निरीक्षणाची केवढी तयारी! अंगुळे मोजणारा हाच माणूस आहे. त्याला आकड्यांचे वावडे नाही. जे बोटाने मोजता येते ते त्याने बोटाने मोजले आणि जे कातडीखाली आहे ते चिन्हांवर सोपवले. हे विभाजन तो कुठेही बोलून दाखवत नाही, करून मोकळा होतो.

का केले, ते मात्र १५व्या अध्यायात सांगून झालेले आहे. दोष, धातू आणि मल वाढले-घटले की काय होते याचा तो अध्याय. अतिस्थूल आणि अतिकृश दोघेही निंद्य, मधला उत्तम, आणि त्या दोघांत निवडायचेच तर कृश बरा, असा निवाडाही तिथेच आहे. त्यानंतर सुरुवातीला म्हटलेल्या दोन श्लोकांतला पहिला येतो. त्याचा आशय इतकाच: शरीरे एकमेकांसारखी नसतात आणि ती स्थिरही नसतात, म्हणून दोष-धातू-मलांचे परिमाण नाही. पुढचा श्लोक म्हणतो, त्यांचे समत्व वैद्य ठरवतो खरा, पण माणूस निरोगी आहे यापलीकडे त्याला दुसरा पुरावा देता येणार नाही. यादी गद्यात आहे, हा निर्णय पद्यात. बोटांची मापे विसरली तर पोथी उघडून पाहता येतील. हे विसरून चालणार नव्हते.

याच जागी चरक काय करतो ते शेजारी ठेवले की सुश्रुताच्या नकाराची उंची कळते. चरकाच्या शारीरस्थानात, सातव्या अध्यायात, शरीरातले द्रव ज्याच्या त्याच्या ओंजळीने मोजलेले आहेत. पाणी १०, रस ९, रक्त ८, पुरीष ७, कफ ६, पित्त ५, मूत्र ४, वसा ३, मेद २, मज्जा १, आणि मेंदू, शुक्र व ओज प्रत्येकी अर्धी. कशी जिन्यासारखी उतरत आलेली यादी आहे पाहा. शरीर इतके नीटनेटके असते तर वैद्यांची गरज उरली नसती. ही मापे मोजून आलेली दिसत नाहीत, पाठांतरासाठी बसवलेली दिसतात. ओंजळीत पाव लिटर मावते असे धरले तर रक्त दोन लिटर होईल. मोठ्या माणसाच्या अंगात ते पाचएक लिटर असते. पण चरकावर अन्याय नको. यादी सुरू करण्याआधीच तो तीन सूचना देतो: हे उत्कृष्ट प्रमाण समजावे, ते कमी-जास्त होत असते, आणि ते तर्कानेच जाणायचे आहे. आकडा दिला, पण त्याला अंदाजाची चिठ्ठी चिकटवूनच दिला.

आपल्या काट्यांना ती चिठ्ठी नसते. पायाखालच्या पट्ट्यांतून एक क्षीण विद्युतप्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्यातून उतरतो. पाणी आणि स्नायू त्याला वाट देतात, चरबी अडवते. काटा खरोखर मोजतो त्या दोनच गोष्टी, वजन आणि हा अवरोध. चरबी २७.४ टक्के, स्नायू इतके, हाडे इतकी हे बाकी सगळे वय, उंची, लिंग घालून कंपनीच्या सूत्रातून काढलेले. सूत्र कंपनीगणिक वेगळे. सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी दोन तांबे पाणी पिऊन घेतलेले आकडेही वेगळे. ॲपची नवी आवृत्ती आली आणि सूत्र बदलले, तर एका रात्रीत माणूस बारीक होऊ शकतो. नोंदीत मूळ अवरोध ठेवला असेल तर जुने आकडे नव्या सूत्राने पुन्हा काढता येतात. नुसता टक्का ठेवला असेल तर हात चोळत बसावे लागते.

आणि एकाच आकड्यावर विसंबले की काय होते, याचा दाखला पुण्यातच आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. शरीरे एकमेकांसारखी नसतात हे काशीच्या श्लोकाचे पहिले कारण, एका पानावर दोन माणसे शेजारी उभी करून दाखवलेले.

आकडा नसेल तिथे जागा कोरी ठेवायची, हे शिकायला साचे आखणाऱ्यांनी बराच काळ घेतला, पण शिकले. काटा आणि फोन यांच्यातल्या ब्लूटूथच्या शरीरघटक-सेवेत चरबीच्या टक्क्याचा रकाना सक्तीचा आहे. तिथे ६५५३५ ही संख्या आली तर तिचा अर्थ एवढाच, की मोजमाप जमले नाही. मग वेळ आणि माणसाची ओळख सोडून स्नायू, पाणी, अवरोध यांतले काहीही पुढे पाठवायचे नाही असा नियम आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ साली देशभर सुरू झाले. त्याने आरोग्याच्या नोंदींसाठी स्वीकारलेल्या एफएचआयआर या साच्यात तर रिकाम्या आकड्याशेजारी रिकामा का, याचा स्वतंत्र रकाना आहे: माहीत नाही, मोजले नाही, विचारले पण सांगितले नाही, यंत्र चुकले. सुश्रुताने तोच रकाना भरला होता. कारणे दोन लिहिली, वैलक्षण्य आणि अस्थायित्व, आणि आकड्याची जागा कोरी सोडली.

त्याच्या साच्यात एक गोष्ट नाही: तारीख. ऋतू, देश, वय, अग्नी, बल, सवयी हे सगळे तो पाहायला सांगतो, पण आजचे माप उद्याच्या मापाशेजारी ठेवायची सोय त्यात नाही. शरीर अस्थिर आहे हे ज्याला कळले, त्याने ही अस्थिरता ओळीने लिहून पाहिली असती तर काय हाती लागले असते, असे वाटून जाते. वैद्य आणि रोगी एकाच गल्लीत राहत असतील, रोगी रोज नजरेस पडत असेल. वहीची गरज पडली नसेल.

आपल्याला पडते. घरातल्या चौघांनी एकच काटा वापरायचा असेल तर वहीत किंवा फाइलमध्ये आधी तारीख आणि वेळ, मग कोण, मग वजन किलोत आणि अवरोध ओहममध्ये, काट्याचे नाव, आणि चरबीचा टक्का सगळ्यात शेवटी, शेजारी सूत्र कोणते ते लिहून. ज्या दिवशी मोजे घालूनच कोणी काट्यावर चढले आणि पडद्यावर नुसत्या रेघा आल्या, त्या दिवशी तिथे शून्य लिहू नये. शून्य टक्के चरबीचा माणूस जिवंत नसतो, पण महिन्याची सरासरी काढणाऱ्या तक्त्याला ते ठाऊक नसते.