पोस्ट टाकायची 'सर्वोत्तम वेळ': तक्ता वाचायचा कसा?

सोशल मीडियावर पोस्ट कधी टाकावी याचे रंगीत तक्ते दरवर्षी निघतात. बफर, हूटसूट, स्प्राउट सोशल ही त्यातली नेहमीची नावं. लाखो पोस्ट घ्यायच्या, कोणत्या तासाला जास्त प्रतिसाद आला ते मोजायचं आणि तो तास 'सर्वोत्तम' म्हणून जाहीर करायचा. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे तक्ते जरूर वाचावेत, पण चुका शोधायला.

आधी नमुना बघा. या कंपन्या पोस्टचं वेळापत्रक लावायचं सॉफ्टवेअर विकतात आणि डेटा मुख्यतः त्यांच्याच ग्राहकांच्या खात्यांचा असतो. त्यात बार्शीटाकळीचं कृषी केंद्र कुठून येणार? रब्बीत हरभऱ्याला ओलित करायचं तर पंपाची थ्री फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की आमच्याकडचा शेतकरी दोन वाजता धुऱ्यावर बसून मोबाइल पाहतो आणि सकाळी दहाला झोपलेला असतो. पाळी बदलली की सगळं उलटं.

याहून मोठी गडबड कारण आणि योगायोग यांची आहे. सकाळी नऊला नेमाने पोस्ट टाकणारी खाती बहुधा पगारी माणसं ठेवणारी असतात. फोटो चांगले, फॉलोअर जास्त. मग प्रतिसाद वेळेमुळे आला की खात्यामुळे? शिवाय सरासरी फसवते. समजा नऊच्या दहा पोस्टपैकी नऊंना 20 लाइक्स आणि एकीला 1000. सरासरी 118, मध्यक मात्र 20. संध्याकाळच्या दहाही पोस्टना 40-40 मिळाल्या तरी तक्त्यात सकाळच जिंकणार!

इन्स्टाग्रामने 2016 पासून पोस्ट काळाच्या क्रमाने दाखवणं सोडलं, त्यामुळे तिथे तासाचं वजन तसंही कमी झालं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्रम अजून वेळेचाच. सकाळी सहाची कामाची पोस्ट 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडली जाते.

खरंच तपासायचं असेल तर एकच खातं घ्या. चाळीस पोस्ट आधीच तयार ठेवा, प्रत्येकीची वेळ, सकाळी सात की रात्री नऊ, नाणं उडवून ठरवा आणि 24 तासांनी मोजा. मध्येच आकडे बघून थांबायचं नाही.

पण मोजायचं काय, हे नाणं सांगत नाही. ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, पुढच्या पाच दिवसांच्या अंदाजासह. उद्या सकाळी पाऊस असेल आणि 'फवारणी थांबवा' ही पोस्ट भरपूर लाइक्स मिळतात म्हणून उद्या रात्री नऊला टाकली, तर औषध तोवर वाहून गेलेलं असेल. लाइक्स येतीलही. फवारणी किती जणांनी थांबवली हे मात्र वावरात जाऊन विचारावं लागतं, आणि त्या रंगीत तक्त्यांत तो रकानाच नाही.