खेळणे, प्रतिकृती आणि साचा : मोटारींच्या लघुरूपांविषयी काही विचार

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात ‘मॉडेल’ हा शब्द अनेक अर्थांनी वावरतो. विक्रेत्याच्या तोंडी तो वाहनाच्या प्रकाराचा वाचक असतो. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात तो उत्पादनाचे वर्ष दाखवितो. ‘पंधराचे मॉडेल’ म्हणजे २०१५ साली तयार झालेली गाडी. आराखडे करणाऱ्यांच्या दालनात तो मातीच्या पूर्णाकृती घडणीस लावतात. खऱ्या मोटारीचे ठराविक प्रमाणात लहान केलेले रूप हा जो प्रस्तुत लेखाचा विषय, तो अर्थ मात्र या शब्दाच्या वाट्यास सर्वांत शेवटी येतो. त्या वस्तूस सामान्य मनुष्य ‘खेळण्यातली गाडी’ असेच म्हणतो, आणि तिचे सुटे भाग पेटीतून आणून जुळविणाऱ्या प्रौढ गृहस्थाकडे किंचित् कौतुकाने व पुष्कळशा संशयाने पाहतो.

हे नाव त्या वस्तूस न्याय देणारे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शब्दावाचून वस्तू दिसतच नाही, असे भाषाविज्ञानाचे काही उत्साही उपासक म्हणतात. तितक्या टोकाला जाण्याचे कारण नाही. परंतु दोन भिन्न वस्तूंना एकच नाव असले की त्यांचे मूल्यमापनही एकाच कसोटीने होऊ लागते, एवढे तरी मान्य करावयास हरकत नसावी. खेळण्याची कसोटी ‘ते टिकते का, मूल त्यात रमते का’ ही होय. लघुरूपाची कसोटी निराळी आहे, आणि ती आपल्याकडे अद्याप कोणी नीटशी मांडलेली दिसत नाही.

ज्या देशात या वस्तूंचे उत्पादन आज मोठ्या प्रमाणावर एकवटले आहे, त्या चीनच्या भाषेत हे दोन अर्थ स्वच्छपणे वेगळे आहेत. खेळण्यास ‘वानजू’ म्हणतात, लघुप्रतिकृतीस ‘मोशिंग’. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, ‘मोशिंग’ या शब्दाचे पहिले चिन्ह आणि कारखान्यातील साच्यास लावावयाच्या ‘मूजू’ या शब्दाचे पहिले चिन्ह एकच आहे. उच्चार तेवढा स्थानपरत्वे बदलतो. म्हणजे साचा आणि साच्यातून निघणारी प्रतिकृती ही तेथे लिपीतच सख्खी भावंडे ठरतात. युरोपीय भाषांतही असेच घडले आहे. इंग्रजीतील ‘मॉडेल’ व ‘मोल्ड’ हे दोन्ही शब्द अखेरीस लॅटिन ‘मोडुस्’, म्हणजे माप, याच्या वंशातले आहेत. मराठीत मात्र साचा एका घरचा आणि प्रतिकृती दुसऱ्या घरची. ‘साचा’ हा शब्द कोशकार संस्कृत ‘सञ्चक’ शब्दाशी जोडतात. कानाला तो ‘साच’ म्हणजे खरे याच्या जवळचा वाटला तरी तो केवळ ध्वनीचा खेळ आहे.

तथापि संस्कृताने आपल्याला याहून मोलाची एक जोडी दिली आहे. ‘मा’ म्हणजे मोजणे, या एकाच धातूपासून ‘प्रमाण’ आणि ‘प्रतिमा’ हे दोन्ही शब्द सिद्ध होतात. मूर्तिशास्त्रातील तालमान पाहिले तर ही केवळ व्युत्पत्तीची गंमत नाही, हे ध्यानात येते. नवताल मूर्ती म्हणजे नऊ तालांची, अर्थात् १०८ अंगुलांची मूर्ती. आणि ते अंगुल मूर्तीच्याच उंचीतून काढावयाचे असते. मूर्ती वीतभर असो वा पुरुषभर, तिच्या अवयवांचे परस्परांशी प्रमाण ढळता कामा नये. येथे प्रमाण प्रतिमेच्या आत आहे. कोणत्या खऱ्या देहाच्या ती कितव्या हिश्श्याने आहे, हा प्रश्नच उद्भवत नाही. मोटारीच्या लघुरूपात आंतरिक प्रमाण तर हवेच, शिवाय बाहेरच्या एका विशिष्ट वस्तूशी बांधलेले प्रमाणही हवे. ही दुसरी अट नवी आहे.

आपल्याकडे ही अट किती परकी आहे, ते दिवाळीच्या किल्ल्यावरून कळते. महाराष्ट्रातील मुले अंगणात माती-दगडांचे किल्ले रचतात. त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात. तेथे मावळा बुरुजाहून उंच असतो आणि सिंहासनावरचे महाराज मावळ्यांहून मोठे. कोणासही त्यात विसंगती वाटत नाही, कारण माप मानाप्रमाणे ठरलेले असते. अलीकडे या किल्ल्यांच्या पायथ्याशी दगडी रस्त्यावर एखादी चिमुकली मोटारही दिसते, आणि तीही तेथे शोभून जाते! ही लघुरूपाची एक स्वतंत्र व थोर परंपरा आहे. मापाच्या नावाखाली तिला अडाणी ठरविणे म्हणजे अरसिकपणा होय. भातुकलीची भांडीही याच कुळातली. अडचण येते ती या परंपरेचा निकष मोटारीच्या संचास लावला जातो तेव्हा.

आता प्रमाणांकडे वळू. बाजारात १:४३, १:६४, १:२४ अशी प्रमाणे दिसतात, आणि दशमान पद्धतीत वाढलेल्या विद्यार्थ्यास ती चमत्कारिक वाटतात. त्रेचाळीसच का? याचे उत्तर आगगाड्यांत आहे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून ‘डिंकी टॉइज’ या नावाने ज्या धातूच्या मोटारी विकल्या, त्या मुळात तिच्याच खेळण्यातील रेल्वेच्या सोबतीसाठी होत्या. त्या रेल्वेत एका फुटास सात मिलिमीटर धरीत. एका फुटात ३०४.८ मिलिमीटर असतात. त्यांना सातांनी भागले की साडेत्रेचाळीस येतात. १:६४ म्हणजे फुटास तीन षोडशांश इंच, आणि १:२४ म्हणजे फुटास अर्धा इंच. इंच-फूट व्यवहारातून गेल्यानंतरही आणि कारखाना ग्वांगडुंग प्रांतात असतानाही हे अपूर्णांक पेटीवर छापले जात आहेत. आपण नाही का आजही एखादी गोष्ट ‘सोळा आणे खरी’ म्हणत? अवशिष्ट रूपांचा असा सुबक नमुना कारखान्याच्या मालावर आढळावा, ही भाषेच्या अभ्यासकाला तरी आनंदाची गोष्ट आहे.

परंतु पेटीवरील प्रमाण नेहमीच सोळा आणे खरे नसते. स्वस्त धातूच्या गाड्यांत सर्व वाहने एकाच आकाराच्या वेष्टनात बसवावयाची असतात. त्यामुळे लांब मालमोटार अधिक आक्रसते आणि आखूड मोटार कमी. किल्ल्यावर माप मानावरून ठरते, येथे ते पेटीवरून ठरते, एवढाच काय तो फरक. या मालास खेळणे म्हणावे, आणि खुशाल म्हणावे.

ज्या संचांत प्रमाण खरोखर पाळलेले असते, तेथेच समीक्षेला वाव मिळतो. पहिली गोष्ट ही की तेथेही ते सर्वत्र पाळता येत नाही. मोटारीच्या अंगाचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. १:२४ मध्ये तो मिलिमीटरच्या तीन शतांश भागाइतका व्हावयास हवा. संचातील प्लॅस्टिक सुमारे एक मिलिमीटर जाड असते. उलट हिशेब केला तर ती गाडी जवळजवळ एक इंच जाडीचे चिलखत पांघरून उभी आहे! दार आणि अंग यांमधील चार मिलिमीटरची फट १:२४ मध्ये मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याची होते. ती तशीच कोरली तर रंगाच्या एका थराने बुजून जाईल. म्हणून साचा करणारा ती जाणूनबुजून रुंद व खोल करतो. रंगाचेही तसेच : झळाळीसाठी घातलेले धातूचे कण लहान होत नाहीत, आणि खऱ्या गाडीचा रंग जसाच्या तसा दिला तर चिमुकली गाडी मूळच्यापेक्षा गडद भासते. तात्पर्य, खरे दिसण्यासाठी लघुरूपास अनेक ठिकाणी खोटे बोलावे लागते. कोठे बोलावयाचे आणि किती, हा निर्णय म्हणजेच त्यातली कला. चांगला संच आणि टाकाऊ संच यांतील भेद भागांच्या संख्येत नसून या निर्णयात असतो. जाणकार मंडळी पेटीवरील भागांची संख्या मोठ्या अभिमानाने सांगतात, ते काव्याचे मोल ओळींवरून ठरविण्यासारखे आहे.

एक उदाहरण घेऊ. चाकण येथील फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला, आणि पोलो ही गाडी तेथे २०२२ पर्यंत तयार होत होती. बेल्जियमच्या बेलकिट्स या संस्थेने पोलोचा १:२४ मधील संच काढला आहे. सुमारे ३,९७० मिलिमीटरची ती मोटार त्यात साडेसोळा सेंटिमीटरांची होते. परंतु तो संच आहे २०१३ ते २०१६ या काळात जागतिक रॅली स्पर्धा गाजविणाऱ्या पोलोचा : तीन दारांची, फुगविलेल्या चाककमानींची, पाठीवर पंख असलेली आणि अंगभर जाहिरातींच्या चिकटचित्रांची. चाकणची पोलो पाच दारांची व साधी. पत्रा दाबणाऱ्या वा दार बसविणाऱ्या चाकणच्या कामगारापुढे हा संच ठेवला, तर त्याला मुखवटा ओळखीचा वाटेल आणि धड परके. संचाचा हा दोष नव्हे. त्याने आपला नायक निवडला आहे. परंतु लघुरूपांच्या बाजारात नायकांचीच चरित्रे लिहिली जातात, ही गोष्ट त्यातून उघड होते.

अपवाद आहेत, आणि ते शिकण्यासारखे आहेत. जपानमधील शिझुओका हे या व्यवसायाचे जुने केंद्र. तेथील आओशिमा कंपनीने सुबारू सांबार या हलक्या मालवाहू गाडीचा १:२४ मधील संच काढला आहे. (‘सांबार’ हे आपल्याच सांबराचे नाव, दाक्षिणात्य पदार्थाशी त्याचा संबंध नाही.) भाजीपाला व शेतमाल वाहणाऱ्या गाडीचे शिडीसारखे सांगाडे, तिच्या फाळक्याच्या कड्या, हे सर्व तेथे कोणाला तरी मोजण्याजोगे वाटले.

चीनचा प्रवास अधिक गुंतागुंतीचा आहे. १९८० साली शेनझेन हे विशेष आर्थिक क्षेत्र झाले, आणि हाँगकाँगमधील खेळण्यांचे उत्पादन क्रमाक्रमाने सीमेपलीकडे गेले. ‘मॅचबॉक्स’ ही मूळची इंग्रज मुद्रा १९८२ मध्येच हाँगकाँगच्या युनिव्हर्सल कंपनीकडे आली होती. १९९० नंतरच्या दशकात चिनी मुलांना जपानच्या तामिया कंपनीच्या चार चाकांनी पळणाऱ्या छोट्या गाड्यांचे वेड लागले, तेव्हा शांतौ शहराच्या छंगहाय भागातील कारखानदारांनी त्यांची देशी रूपे स्वस्तात पुरविली. त्यांतील ‘आउदी श्वांगझ्वान’ ही मुद्रा घरोघर पोहोचली. हे अनुकरण होते, यात शंका नाही. पण अनुकरणातून साचे करणारी पिढी तयार झाली. आणि पुढे अखेन येथील मिनिचॅम्प्ससारख्या जर्मन संस्थाही आपला माल चीनमध्ये घडवून घेऊ लागल्या. आज तेथील शौकिनांच्या बोलीत ‘युआनछांग’, म्हणजे ‘मूळ कारखान्याची’, ही एक मानाची जात आहे : मोटार बनविणाऱ्या कंपनीनेच आपल्या गाडीचे घडवून घेतलेले अधिकृत लघुरूप. ज्या देशात मोटार बनते, त्याच देशात तिचे लघुरूप बनते, आणि घेणाराही तेथलाच, असे वर्तुळ तेथे पूर्ण झाले आहे.

आपल्याकडे ते का झाले नाही? साचे करणाऱ्यांची उणीव म्हणावी, तर भोसरीत साच्यांची कामे करणारी कर्मशाळा गल्लोगल्ली आहे. प्रारंभही झाला होता : डिंकीचे वापरून झालेले साचे कलकत्त्यास आणून तेथे ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या ओतल्या जात. परंतु तो उतरलेल्या साच्यांचा व्यापार होता; नवे मोजमाप कोणी घेतले नाही. आर्थिक कारण उघड आहे. पोलादी साच्याचा खर्च हजारो नगांवर वाटला गेला तरच परवडतो, आणि वाहनांच्या सुट्या भागांचे काम भोसरीस तशी संख्या देते. लघुरूप देत नाही.

येथे पुन्हा शब्द आडवा येतो. सीमाशुल्काच्या ९५०३ या शीर्षकात खेळणी आणि प्रमाणबद्ध लघुरूपे यांचा उल्लेख वेगवेगळा असूनही शुल्क एकच आहे. २०२० मध्ये ते २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या गुणवत्ता-नियंत्रण आदेशात खेळण्याची व्याख्या चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळावरून केलेली आहे. म्हणून पेटीवर ‘१४+’ असे छापलेले असते, ते वाचकास सल्ला देणारे विधान नसून वस्तूची जात बदलणारे विधान आहे. एका अंकाने खेळण्याची प्रतिकृती होते! आयात महागली म्हणून देशी लघुरूपे आपोआप निपजतील, अशी आशा काहींस वाटते. प्रस्तुत लेखकास ती वाटत नाही. शुल्काने खेळण्यांचा कारखाना उभा राहू शकेल. प्रतिकृतीस आधी मोजमाप घेणारा लागतो.

आणि मोजण्याजोगे या पट्ट्यात पुष्कळ आहे. जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पोने १९५८ पासून हॅन्सिट ही तीन चाकी मालवाहू गाडी काढली, आणि त्या नावाने मराठीत असे मूळ धरले की आज कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी ‘टेम्पो’च असते. विशेषनामाचे सामान्यनाम झाले, ‘टेम्पोवाला’ हा व्यवसायवाचक शब्द झाला, आणि ज्या वस्तूवरून तो आला ती रस्त्यावरून नाहीशी झाली. शब्दाचा इतिहास आपण लिहितो. वस्तूचे माप कोणी लिहून ठेवावयाचे? पुण्यात कर्वे रस्त्यालगत १९९८ पासून जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय उभे आहे. आगगाडीस जे लाभले ते टेम्पोस लाभू नये असे काही नाही. हॅन्सिटचे पुढचे एकुलते चाक, त्याच्याच अंगावर बसविलेले आणि त्यालाच फिरविणारे यंत्र, मागचा लाकडी हौदा, या सर्वांची मापे जुन्या गाडीवरून पट्टी व दोरा घेऊन नोंदविता येतात. त्याच नोंदवहीत प्रत्येक भागाचे कामगारांच्या तोंडचे नाव टिपून घेतले, तर कोशासही सामग्री मिळेल. ‘फाळका’ व ‘हौदा’ हे शब्द तेथून आरंभ करावयास पुरेसे आहेत.