'कर्कश' : वर्णन की निवाडा?

कानाला न रुचणाऱ्या आवाजांसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. दाराची करकर, पत्र्याची खडखड, रेडिओची खरखर, रातकिड्यांची किरकिर, बाजारातला कलकलाट असे कितीतरी शब्द आहेत. माणसाच्या आवाजापुरते पाहिले तरी भसाडा, घोगरा, किनरा, चिरका, गेंगाणा, बसका ही विशेषणे सहज हाताशी येतात. असे असूनही आपल्या समीक्षेत आणि पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत या सर्वांच्या जागी बहुधा एकच शब्द येऊन बसतो : 'कर्कश'. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या वापराची चिकित्सा करावयाची आहे. हा शब्द वर्णनाच्या वेषात निवाडा देतो आणि तो निवाडा पुष्कळदा आवाजापेक्षा आवाज करणाऱ्यावर असतो, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

प्रथम देशी शब्दांची घडण पाहू. किरकिर, करकर, कुरकुर या तीन अनुकरणवाचक शब्दांत व्यंजने तीच आहेत. बदलतो तो स्वर. इकाराने आवाज बारीक व उंच होतो, अकाराने कोरडा व उघडा, उकाराने दबका. म्हणून रातकिडा किरकिरतो, नवी वहाण करकरते आणि पाळणा कुरकुरतो. द्विरुक्तीही केवळ हौसेची नसावी. आवाजाची तीव्रता सेकंदाला सुमारे ७० वेळा वरखाली होते तेव्हा कानाला त्यातील खरखरीतपणा सर्वाधिक जाणवतो, असे ध्वनिशास्त्र सांगते. हा गुण आवाजाच्या मोठेपणाहून वेगळा आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ती फक्त मोठेपणा मोजते. जुन्या पंख्याची करकर या मर्यादेच्या आत राहूनही झोप उडवू शकते. त्या त्रासाची नोंद भाषेने मात्र केव्हाच करून ठेवली आहे.

या शब्दांचा दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा. ते आवाज दाखवतात आणि आवडनिवड प्रसंगावर सोडतात. पहाटेच्या जात्याची घरघर ओवीच्या सोबतीची; मरणासन्न माणसाच्या घशातली घरघर ऐकवत नाही, आणि एखाद्या संस्थेला घरघर लागली असे आपण म्हणतो तेव्हा ती हीच दुसरी घरघर. भांड्यांचा खणखणाट नकोसा, पण खणखणीत नाणे आणि खणखणीत आवाज ही प्रशंसा.

'कर्कश'चा प्रवास उलट दिशेने झाला. संस्कृतात हा मुळात स्पर्शाचा शब्द : कठीण, खरबरीत. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या मांड्यांना गजेंद्राच्या सोंडेची उपमा पुरत नाही, कारण त्या सोंडेची त्वचा कर्कश आहे. 'तर्ककर्कश' बुद्धी ही तर पंडिताची स्तुती. स्पर्शाकडून हा शब्द कानाकडे आला आणि 'कर्कशा' होऊन भांडखोर स्त्रीवर स्थिरावला. या नामाला त्याच अर्थाचा पुल्लिंगी जोडीदार मराठीत रूढ नाही. चढ्या पट्टीत गाणाऱ्या शाहिराचा आवाज 'पहाडी' ठरतो. शाहीर अमर शेख यांच्याविषयी लिहिताना हे विशेषण हटकून येते, आणि ते यथार्थही आहे. परंतु त्याच पट्टीत नळावर पाण्यासाठी बोलणारी बाई कर्कशा ठरते. या दोन आवाजांत कानाला जाणवणारा भेद कोणता, हे सांगण्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

या सवयीला साहित्यशास्त्राचा आधार दिला जातो, म्हणून तोही तपासला पाहिजे. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात दोषांची गणना 'श्रुतिकटु'पासून सुरू केली, एवढे आपल्या नोट्समध्ये असते. त्याच उल्लासात पुढे वक्ता, विषय, रस यांच्या औचित्याने दोषही गुण होतो असे तो सांगतो. ते नोट्समधून गळते. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने श्रुतिदुष्टादी दोष अनित्य मानले : शृंगारात त्याज्य, सर्वत्र नव्हे. ओजोगुणाला तर टवर्ग आणि जोडाक्षरे हवीच असतात. आपण परंपरेचे अर्धे वाक्य पाठ केले आणि उरलेले सोडून दिले.

या अर्धवट वाचनाची किंमत दलित कवितेला मोजावी लागली. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ साली प्रसिद्ध झाला. अशा कवितेवर कर्कश, आक्रस्ताळी असे शेरे मारणे सोपे असते, कारण शेरा मारण्यासाठी कविता ऐकावी लागत नाही. वास्तविक तेथे ऐकण्यासारखे पुष्कळ आहे. मुंबईच्या वेश्यावस्तीतली बोली, हिंदी-उर्दू शब्द, शिवी आणि मध्येच एखादे संस्कृतप्रचुर पद एकमेकांना खेटून येतात. कानाला जो खटका बसतो तो या शेजाराचा. कवी ओरडत असल्याचा नव्हे. बा. सी. मर्ढेकर यांनी लयीच्या नियमांत संवाद आणि समतोल यांच्याबरोबर विरोधालाही स्थान दिले होते. हा खटका समजून घेण्यास तो विचार उपयोगी पडला असता; पण मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र एका पेपरला आणि दलित साहित्य दुसऱ्या पेपरला नेमलेले असल्याने त्यांची गाठ क्वचितच पडते.

वर्गात 'गोलपिठा' शिकवताना 'कर्कश' हा शब्द काही तासिकांपुरता वर्ज्य करून पाहण्यासारखा आहे. विद्यार्थी प्रथम अडखळतात. मग एखादी विद्यार्थिनी कवितेचा आवाज खडखडीत आहे म्हणते, दुसरा कोणी तो घोगरा आहे असे म्हणतो, आणि दोघेही पुस्तक उघडून आपापल्या ओळी दाखवू लागतात.