अर्थसीतील सांधणीचा मंत्र

उर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) ह्या अमेरिकन लेखिकेने निर्माण केलेले अर्थसी हे द्वीपसमूहाचे जग महामांत्रिकांच्या पराक्रमासाठी प्रसिद्ध आहे. परंतु तेथील मंत्रविद्या रोक बेटावरील विद्यालयापुरती मर्यादित नाही. खेडोपाडीच्या चेटकिणी व किरकोळ मांत्रिक हरवलेली वस्तू शोधणे, दुखणे बरे करणे, फुटके भांडे सांधणे अशा कामांवर पोट भरतात. ह्यांपैकी सांधणीचा मंत्र दिसावयास अगदी घरगुती. तथापि समग्र कथामालेचा आशय त्याच्याभोवती घडत गेला आहे, असे बारकाईने पाहता दिसून येते.

मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर ह्यांच्या ह्या कन्येने आपल्या कल्पित जगाला लोकसमजुतींची जोड दिली. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) ह्या पहिल्या कादंबरीत स्त्रियांची जादू दुबळी आणि दुष्टही असते, ह्या आशयाच्या म्हणी गाँट बेटावर प्रचलित असल्याचे आढळते. नायक गेड ह्याला पहिला मंत्र मिळतो तो मात्र गावच्या चेटकिणीकडून, म्हणजे आपल्या मावशीकडून. आणि तोही शेळ्यांना हाक मारण्याचा! घरगुती विद्येवाचून ज्याचा आरंभच झाला नसता, त्याच्याच कथेत ती विद्या हीन ठरावी, हा विरोध प्रथमपासूनच तेथे आहे.

सांधणीचे वैशिष्ट्य तिच्या तात्त्विक बैठकीत आहे. अर्थसीत वस्तूचे खरे नाव जाणणे हेच सामर्थ्य होय. खड्याचा हिरा करावयाचा तर त्याचे नाव बदलावे लागते, आणि मग जगाचा तोल ढळतो. सांधणारा वस्तूला दुसरे काही बनवीत नाही. ती जी होती तीच तिला पुन्हा होऊ देतो. समतोलाचे जे तत्त्व रोकचे आचार्य शिकवितात, ते ह्या मंत्रात सहजच पाळले जाते.

ह्या दृष्टीने गेडचे मोठे पराक्रम पाहावेत. 'द टूम्ब्स ऑफ अतुआन' (१९७१) मध्ये तो एरेथ-आक्बेच्या भग्न कड्याचे दोन तुकडे जोडतो, आणि त्यावर कोरलेले शांतीचे चिन्ह पुन्हा अखंड होते. 'द फार्देस्ट शोअर' (१९७२) मध्ये जीवन व मृत्यू ह्यांच्या सीमेवर पडलेले भगदाड बुजविताना तो आपली सारी शक्ती वेचतो. दोन्ही कृत्ये सांधणीचीच आहेत. मडके सांधले तर ते चेटूक, आणि कडे सांधले तर तो इतिहास! हा भेद मंत्राचा नसून मंत्र म्हणणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा आहे.

'द अदर विंड' (२००१) मध्ये हा भेद उघड होतो. तेथे ऑल्डर हा खेड्यातला साधा सांधणारा कथेच्या केंद्रस्थानी येतो. त्याची दिवंगत पत्नी लिली हीदेखील सांधणारीच. स्वप्नात ती मृतांच्या भिंतीपलीकडून त्याला स्पर्श करते, आणि त्याची झोप हरपते. शांत निद्रेसाठी तो आपले कसबही देऊन टाकतो. अखेर त्या भिंतीचे दगड उपसण्यास तोच आरंभ करतो. जिने जगाचे दोन तुकडे केले, ती भिंत राखून सांधा जुळणार नाही, हे महामांत्रिकांपूर्वी त्याच्या हातांना कळते.

तेहतीस वर्षांच्या लेखनावर एकच सूत्र लादले जात आहे, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु हे सूत्र पूर्वनियोजित होते असे मानण्याचे कारण नाही. 'तेहानू' (१९९०) ह्या कादंबरीला 'अखेरचे पुस्तक' म्हटल्यावरही लेखिका पुन्हा अर्थसीकडे वळली, आणि 'द फाइंडर' ह्या कथेत रोकच्या स्थापनेत स्त्रियांचा वाटा होता, असे तिने दाखविले. उत्तरकालीन लेखन हे पूर्वलेखनाचे परीक्षणच आहे.

ते परीक्षण पूर्णत्वास मात्र गेले नाही. घरगुती मंत्राला न्याय मिळाला तो एका पुरुषाच्या हातून. लिलीचे कसब पतीच्या आठवणींतून कळते; तिची स्वतःची कथा ती कोठेच सांगत नाही. म्हणीने ज्यांना दुबळे ठरविले, त्यांची विद्या थोर ठरली. त्यांची वाणी मात्र भिंतीपलीकडेच राहिली. अर्थसीतील हा एक सांधा अद्याप जुळावयाचा आहे.